राण्या न्यूझीलंडच्या की स्वीडनच्या?

शॉर्ट-हेअर्ड बंबलबी ही जाडजूड, केसाळ माशीची एक जात; ब्रिटनमध्ये ती शेवटची 1988 मध्ये केंटच्या डंजनेसला दिसली. ती परत आणायची तर राणी माश्या कुठल्या?

वंश पाहिला तर न्यूझीलंड सरस वाटतं: लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या परागीभवनासाठी 19व्या शतकात इंग्लंडहूनच तिथे राण्या नेल्या होत्या. पण आजची सगळी वसाहत त्या मूठभर राण्यांची संतती. अशा अंतःप्रजननात, म्हणजे जवळच्या नात्यातल्या मिलनात, कामकरी माश्यांच्या जागी वांझ नर निपजतात आणि पोळं कमकुवत राहतं.

खरी अडचण ऋतूंची. तिकडचे ऋतू सहा महिने उलटे, त्यामुळे ब्रिटनच्या ऋतूंशी जुळवून घ्यायला पैदास बंदिस्तच करावी लागते. त्या बंदिस्त पैदाशीत बऱ्याच राण्या मेल्या.

स्वीडनच्या स्कोने भागातल्या राण्या वसंतात पकडल्या की मिलन आणि शीतनिद्रा दोन्ही आधीच उरकलेली असतात. दोन आठवडे विलगीकरण, विष्ठेत परजीवी तपासायचे, निरोगी तेवढ्याच सोडायच्या. 2012 मध्ये असंच केलं. 2013 मध्ये कामकरी माश्या दिसल्या. तरीही स्वतःच्या बळावर टिकणारी वसाहत उभी राहिली नाही.

मूळ ब्रिटिश वंशाच्या अभ्यासाला न्यूझीलंड, प्रत्यक्ष सोडायला स्वीडन. मेअखेर ते ऑगस्ट सलग फुलं नसतील, तर दोन्हीचा खर्च वाया. आधी क्लोव्हरची कुरणं लावा.