पदकाच्या कडेवरून शिपायाच्या गावापर्यंत: सीडब्ल्यूजीसीची शोधसेवा कितपत कामाची?

जुन्या बाजारात पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक हाताला लागलं की पुढचे प्रश्न ठरलेले: हा माणूस कोण, कुठला, आणि परत आला की नाही? त्यासाठी पहिलं दार म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा आयोग, अर्थात सीडब्ल्यूजीसीच्या संकेतस्थळावरची मृत सैनिकांची शोधसेवा. एक पैसा लागत नाही आणि दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांच्या नोंदी तिथे आहेत. तरीही मराठा पलटणींतल्या शिपायांचा माग काढताना बरेच जण पाच मिनिटांत हात टेकतात. दोष थोडा सेवेचा, थोडा शोधण्याच्या पद्धतीचा.

आधी वस्तू नीट वाचा. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल 36 मिलिमीटर व्यासाचं असतं. राजाचा मुखवटा आणि मागचा घोडेस्वार काहीच सांगत नाहीत, सगळी माहिती कडेवर असते: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं ठोकून उमटवलेली आणि बारीक असतात. समोरून उजेड टाकलात तर दिसणार नाहीत. टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा आणि पदक हळूहळू फिरवा. ब्रासो वगैरे लावून घासू नका, आधीच झिजलेला क्रमांक कायमचा जातो. ‘1-117 मराठाज’ असं असेल तर 117व्या पलटणीची पहिली बटालियन. तेच पदक चांदीऐवजी कांस्याचं असेल तर माणूस बहुधा लढणारा शिपाई नव्हे, मजूर तुकडी किंवा तत्सम कामावरचा.

इथेच पहिली चूक होते. पदक जिवंत परतलेल्यांनाही मिळालं. त्यामुळे पदकावरचं नाव सीडब्ल्यूजीसीवर सापडलं नाही, तर तो माणूस सुखरूप घरी आला असण्याची शक्यताच जास्त. मृत्यूची खात्री देते ती कांस्याची गोल स्मृतिपट्टिका, जिला इंग्रजीत ‘डेड मॅन्स पेनी’ म्हणतात. व्यास सुमारे 120 मिलिमीटर, वर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंह, आणि चौकटीत उठावदार अक्षरांत फक्त नाव. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा, क्रमांक, पलटण मुद्दाम वगळलेली. विचार उदात्त, संशोधकाला मात्र डोकेदुखी: नुसत्या ‘राम सावंत’वरून माणूस कसा ठरवायचा? खरेदी करताना फूटपट्टी लावा. मूळ पट्टिकेचा साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे एक-दोन मिलिमीटरनं लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट दिसतात.

आता शोध. नावापासून सुरुवात करू नका. आपल्या नावांचं रोमन लेखन कारकुनाच्या कानावर गेलं; जाधव, चव्हाण, पवार, शिंदे यांची प्रत्येकी तीन-चार रूपं भेटतात. शिवाय अनेक भारतीय नोंदींत नाव आणि आडनाव एकाच रकान्यात कोंबलेलं असतं. त्यापेक्षा प्रगत शोधात क्रमांक टाका आणि रेजिमेंट जोडा. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण तेव्हा प्रत्येक पलटणीची क्रमवारी स्वतंत्र होती. 2417 क्रमांकाचे शिपाई डझनावारी निघतील. रेजिमेंट लिहिताना ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग वापरा, एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजचं स्पेलिंग घातलं की पाटी कोरी.

पलटणींचे जुने आकडेही हाताशी हवेत: 103, 105, 110, 114, 116, 117. 1922 च्या पुनर्रचनेत या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या, त्यामुळे नंतरचे आकडे घेऊन 1916 चा माणूस शोधाल तर भलतीकडे जाल. 103, 110 आणि 117 या तिन्ही मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुत शहराच्या तुर्की वेढ्यात अडकल्या होत्या (7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916). शरणागतीनंतर मृत्यूची तारीख असेल तर माणूस तुर्कांच्या कैदेत गेला असावा. दुसऱ्या पलटणीला जोडून दिलेला शिपाई मूळ पलटणीखालीही नोंदलेला असू शकतो, म्हणून दोन्हीकडे बघा.

या सेवेतला सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे ‘अतिरिक्त माहिती’. भारतीय नोंदींत इथे अनेकदा वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा मिळतो आणि या रकान्यावरून शोधही घेता येतो. फक्त नकाशा तेव्हाचा धरा. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, रत्नागिरीत सिंधुदुर्गही आला, साताऱ्यात सांगलीचा बराच भाग. ‘खेड’ दिसलं की जिल्हा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, पुण्यातही खेड आहे आणि रत्नागिरीतही.

पानाच्या तळाशी मूळ कागदांचे स्कॅन असतात. ते उघडाच, टंकलेखनातल्या चुका तिथेच सापडतात. ‘पॅनेल’ क्रमांक, म्हणजे स्मारकावरच्या दगडी फलकाचा क्रमांक, मिळाला म्हणून दगडावर नाव कोरलेलं असेलच असं मात्र नाही. मेसोपोटेमियात पडलेल्या आपल्या बहुतेकांची नोंद बसरा स्मारकावर आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली; साध्या शिपायांचा पलटणीगणिक फक्त आकडा. नावं छापील नोंदवहीत गेली. 1997 मध्ये ते स्मारक सरकारी हुकमानं मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटरवर नेलं. तेव्हा नावाचा फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे मोजण्याआधी विचार करा.

आणि नोंदच नसेल तर? आयोगानं स्वतः 2021 च्या अहवालात कबूल केलं की किमान 1,16,000 मृतांची, बहुतांशी पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. आणखी 45,000 ते 54,000 जणांची, ज्यांत भारतीय आहेत, स्मृती विषमतेनं राखली गेली. हा कबुलीजबाब कौतुकास्पद, पण शोधपानावर ‘निकाल नाही’ एवढंच येतं. त्या रिकाम्या जागेचा अर्थ कुणी सांगत नाही. ही या सेवेची मोठी उणीव. पुरावा असेल तर सुटलेल्या माणसाचं प्रकरण आयोगाकडे मांडता येतं. त्यासाठी त्या काळातला, तारीख असलेला कागद लागतो, घरातली आठवण पुरत नाही.

पाचपैकी चार गुण. गुण कापला तो नाव-शोधाच्या ताठरपणासाठी.

गाव कळलं की संकेतस्थळ बंद करा आणि तिथली शाळा, चावडी किंवा देऊळ गाठा. कोकणात आणि साताऱ्याकडे अनेक गावांत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके 1914-1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं तिथेही नसतात, पण आकडा असतो. तो तुमच्या यादीशी ताडून पाहा. यादी कमी भरली तर गावाच्या नावाचं वेगळं स्पेलिंग आणि शेजारच्या वाडीचं नाव घालून पुन्हा शोधा.