बोगद्याच्या तोंडाला हूड की गाडीला लांब नाक?

जपानमधल्या एका वेगवान रेल्वेमार्गाच्या आराखड्यावर काम करताना हाच निर्णय माझ्यासमोर आला होता: बोगद्याच्या तोंडाला हूड, म्हणजे पुढे जोडलेला मांडव, बांधायचा की गाडीचं नाक लांब, निमुळतं करायचं. बोगद्यात शिरणारी गाडी पुढची हवा पिचकारीच्या दट्ट्यासारखी दाबते आणि दाबाची ही लाट बोगद्यातून पुढे धावते. पलीकडच्या तोंडाशी होणारा 'धप्प' आवाज दाब किती वाढला यापेक्षा तो किती झटकन वाढला यावर ठरतो. रुळांखाली खडीऐवजी काँक्रीटच्या लाद्या (स्लॅब ट्रॅक) असतील, तर लांब बोगद्यात लाटेचा चढ आणखी उभा होत जातो. दोन्ही उपाय हा चढ सुरुवातीलाच सौम्य करतात.

लांब नाकाचा मोठा गुण म्हणजे एकदा गाडी घडवली की मार्गावरच्या प्रत्येक बोगद्यात ते कामी येतं. सान्यो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचा जवळपास निम्मा मार्ग बोगद्यांतून जातो, तिथे हे फार मोलाचं. १९९७ साली ताशी ३०० किमीने धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचं नाक १५ मीटर, खंड्याच्या चोचीवरून घेतलेलं. दिसायला आजही तीच मला सर्वांत देखणी वाटते.

पण त्या नाकाने टोकाच्या डब्याचं पुढचं दार खाल्लं. हिरोशिमाला मोठी बॅग घेऊन मी त्या डब्यातून उतरत होतो. एकच दार, तेही मागच्या टोकाला. अख्खा डबा त्याच दिशेने सरकत होता आणि बाहेरचे चढायला खोळंबले होते. ई-५ या दुसऱ्या लांब नाकाच्या शिंकान्सेन गाडीच्या पहिल्या डब्यात तर जेमतेम २९ आसनं. ही किंमत प्रत्येक गाडी, प्रत्येक फेरीला मोजते.

हूडची किंमत एकदाच. बोगद्यापेक्षा थोडा रुंद, बाजूला खिडक्या ठेवलेला हा मांडव दाब हळूहळू चढू देतो. खिडक्यांचं गणित मात्र गाडीच्या नाकाशी जुळवावं लागतं, आणि तोंडाबाहेर लगेच पूल किंवा अरुंद दरी असेल तर जागेची पंचाईत होते. आमच्या एका बोगद्याजवळच्या घरात हूडआधी गाडी आली की सरकत्या दाराची काच खडखडायची. हूड बसल्यावर त्याच ओसरीवर मी तीन गाड्या जाऊ दिल्या. गाडीचा आवाज आला, काच हलली नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण माझं मन तिथेच ठरलं.

बोगदे शेकड्यांनी असतील तर नाकाशिवाय भागणार नाही, आणि प्रत्यक्षात थोडं थोडं दोन्ही लागतंच. पण बोगदे मोजके असतील, तर माझ्या मते पैसा आधी हूडवर घालावा आणि गाडीचं पुढचं दार वाचवावं.