छोट्या चिपवर एलएसटीएम: छाटणी की क्वांटायझेशन?

एलएसटीएम म्हणजे क्रमाने येणारी माहिती लक्षात ठेवत वाचणारं न्यूरल नेटवर्क. त्याचा ४० इनपुट आणि १२८ युनिटांचा एकच थर घ्या: ८६,५२८ पॅरामीटर, म्हणजे शिकलेले आकडे. ३२ बिटांत हे सुमारे ३४६ केबी होतात. २५६ केबी फ्लॅशच्या (कायमच्या साठवणीच्या) चिपवर मावतच नाहीत. क्वांटायझेशन करून प्रत्येक आकडा ८ बिटांत बसवला की ८७ केबीच्या आत काम भागतं, शिवाय कॉर्टेक्स-एम४सारख्या छोट्या प्रोसेसरला पूर्णांकांचे गुणाकार सोपे जातात.

छाटणीत ९० टक्के आकडे शून्य केले तरी उरलेले नेमके कुठे आहेत हे लिहून ठेवावं लागतं, आणि त्या शोधाशोधीत वाचलेला वेळ बराचसा खर्ची पडतो. अख्खी युनिटंच छाटली तर गोष्ट वेगळी: थर नुसता लहान होतो, जागा लिहून ठेवाव्या लागत नाहीत.

माझा कौल आधी क्वांटायझेशनला. फक्त सेल स्टेट, म्हणजे थराची साठवलेली आठवण, १६ बिटांतच ठेवा. ती प्रत्येक पायरीला पुढे सरकते, त्यामुळे तिथली बारीकशी चूकही साचत जाते.