किशोरवयीन ऑर्गनवादकांसाठी एक आठवडा: ‘पाईप ऑर्गन एन्काउंटर’ या उन्हाळी शिबिराचा अभिप्राय

आमच्या मुलीने वयाच्या पंधराव्या वर्षी ‘अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स’ या संस्थेचे ‘पाईप ऑर्गन एन्काउंटर’ हे उन्हाळी शिबिर केले, त्याला आता वर्ष होऊन गेले. शिबिरातून ती घरी आली त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसते कौतुकच लिहून झाले असते, म्हणून वर्षभरात तिच्या हातापायांत त्यातले काय टिकले ते पाहून मग लिहावे असे ठरवले होते. अमेरिकेतील मराठी घरांत पियानो शिकणारी मुले पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्यापैकी कोणी पाईप ऑर्गनकडे, म्हणजे चर्चमध्ये दिसणाऱ्या, नळ्यांतून वारा सोडून वाजणाऱ्या मोठ्या ऑर्गनकडे वळल्याचे माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. तेव्हा जे पालक असा विचार करत असतील त्यांच्यासाठी थोडे तपशिलात शिरतो.

ही संस्था म्हणजे ऑर्गनवादकांची व्यावसायिक संघटना असून तिची स्थापना न्यूयॉर्क येथे 1896 मध्ये झाली. शिबिराला एक कायमचे ठिकाण नाही. दर उन्हाळ्यात निरनिराळ्या शहरांतील शाखा यजमानपद घेतात, त्यामुळे वाद्ये, शिक्षक आणि राहण्याची सोय ही सगळी जागेनुसार बदलते, आणि एका शहराच्या अनुभवावरून दुसऱ्याविषयी अनुमान काढणे बरोबर नाही. मूळ शिबिर 13 ते 18 या वयोगटासाठी असते. पियानोवर किंवा तत्सम वाद्यावर मध्यम प्रतीचा हात बसलेला असावा एवढी अपेक्षा असते. ऑर्गन पूर्वी वाजवलेला नसला तरी चालते. ज्यांचे ऑर्गनशिक्षण आधीच सुरू आहे त्यांच्यासाठी प्रगत शिबिर वेगळे असते, आणि ज्यांना वाजवण्यापेक्षा वाद्य बांधण्यात रस आहे त्यांच्यासाठी ऑर्गन बनवणाऱ्यांच्या कार्यशाळेत होणारे तांत्रिक शिबिरही असते. खर्चाचा मोठा वाटा संस्था आणि देणगीदार उचलतात, त्यामुळे निवास, भोजन आणि वैयक्तिक शिकवणी यांचा हिशेब केला तर शुल्क मला स्वस्तच वाटले.

आमच्या घरात या नादाचे मूळ थोडे वेगळे आहे. सांगलीला माझ्या वडिलांकडे पायाने भाता मारायचा एक जुना ऑर्गन आहे, आणि त्याच्या फळीवर ‘एस्टी, ब्रॅटलबरो’ अशी अक्षरे आहेत. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथील या कारखान्याने पाच लाखांहून अधिक असे ऑर्गन बनवले होते. ज्या जातीच्या ऑर्गनवर संगीत नाटकांतील पदांना साथ होत असे आणि गोविंदराव पटवर्धनांसारख्यांनी ज्यावर रात्री जागवल्या, ती हीच जात. त्यात नळ्या नसतात. पेटीसारख्याच धातूच्या सुरांतून, म्हणजे कंप पावणाऱ्या पातळ पात्यांतून हवा जाते, फरक इतकाच की आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते आणि हा ऑर्गन ती आत ओढून घेतो. सुट्टीत सांगलीला गेली की मुलगी त्यावर तासन्‌तास बसत असे. त्यामुळे पाईप ऑर्गन म्हणजे आजोबांच्याच ऑर्गनचा थोरला भाऊ अशी तिची (आणि खरे सांगायचे तर माझीही) समजूत होती. ती पहिल्याच दिवशी मोडली. आजोबांच्या ऑर्गनवर पाय वारा भरतात. इथे वारा विजेचा पंखा भरतो आणि पायांना स्वतःचे स्वर वाजवावे लागतात. हातांसाठी एकावर एक रचलेल्या 61 पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा, आणि खाली पायांसाठी 32 लाकडी पट्ट्यांची आणखी एक रांग. डाव्या हाताने जे खर्जाचे काम करायचे ते आता पायांकडे, आणि तेही खाली न पाहता.

शिबिराचा खरा गाभा म्हणजे रोजची वैयक्तिक शिकवणी आणि तिला जोडून मिळणारा रियाजाचा वेळ. पियानोवरून येणाऱ्या मुलांच्या हातातील कोणती सवय मोडायची आणि कोणती ठेवायची, हे शिक्षकांना नेमके ठाऊक होते. पियानोवर पट्टी जोरात मारली की आवाज मोठा येतो आणि सोडली नाही तरी हळूहळू विरतो. ऑर्गनवर पट्टी कशीही दाबा, आवाज तितकाच, आणि बोट उचलेपर्यंत तो तसाच उभा राहतो. म्हणून स्वर कधी सुरू होतो याइतकेच तो कधी संपतो याला महत्त्व येते. पहिले दोन दिवस मुलीला जवळजवळ केवळ बोट उचलायला शिकवले गेले, असे म्हटले तरी चालेल. पियानोवर पायाखालच्या पेडलने स्वर एकमेकांत मिसळून चुका झाकता येतात, ती सोय इथे नाही. दोन स्वर जोडायचे असतील तर पट्टीवर दाबून धरलेले बोट हळूच बदलून घ्यावे लागते. आपल्याकडे पेटीवर मींडेचा आभास निर्माण करणाऱ्या वादकाला या गोष्टीचे मोल लगेच कळेल.

दुसरी अडचण कानाची. नळ्या वादकापासून दूर असतात, आणि 20 मीटरवरून येणारा आवाज कानापर्यंत पोहोचायला सुमारे 0.06 सेकंद घेतो. हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण जलद लयीत बोट पुढे आणि आवाज मागे असा गोंधळ होतो, आणि आवाजाची वाट पाहणारा वादक आपोआप रेंगाळत जातो. कानाऐवजी बोटांवर विश्वास ठेवायचा, ही गोष्ट घरच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हेडफोन लावून कोणालाही शिकता येणार नाही. त्यासाठी मोठ्या दगडी वास्तूत मोठ्या वाद्यासमोर बसावे लागते, आणि माझ्या मते या शिबिराची सगळी किंमत याच एका गोष्टीत वसूल होते.

वाद्याच्या आत शिरून पाहण्याची संधी मुलांना सर्वांत जास्त आवडलेली दिसली. स्टॉपवर, म्हणजे नळ्यांची एकेक रांग चालू-बंद करणाऱ्या खुंटीवर लिहिलेला ‘8’ हा आकडा म्हणजे त्या रांगेतील सर्वांत खालच्या स्वराच्या उघड्या नळीची फुटांतील लांबी; ‘16’ म्हणजे एक सप्तक खाली, ‘4’ म्हणजे एक सप्तक वर. नळीचे वरचे तोंड बंद केले तर निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो, म्हणून जागेची अडचण असलेल्या वास्तूत बंद नळ्या जास्त. 32 फुटांच्या नळीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा असतो. तो कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही, बाकाच्या लाकडातून जाणवतो. हे आकडे मुलीने मला फोनवर धापा टाकत सांगितले होते. स्टॉप निवडण्याची कला मात्र एका आठवड्यात येणारी नव्हे, आणि शिक्षकांनीही ती येईल असा आव आणला नाही. मोजक्या रांगा घेऊन कमीत कमी आवाजात काम भागवायला शिकवले, हे मला विशेष भावले.

भजनासारखी सामूहिक स्तोत्रे वाजवणे आणि उत्स्फूर्त वादन या दोन्ही गोष्टींना अभ्यासक्रमात चांगली जागा आहे. काही हिंदू पालकांच्या मनात इथे शंका येईल, म्हणून स्पष्ट लिहितो: बहुतेक वर्ग चर्चमध्ये होतात, कारण वाद्ये तिथेच आहेत, आणि शेकडो लोक गात असताना त्यांना श्वास घ्यायला जागा ठेवून वाजवणे हे ऑर्गनवादकाचे मुख्य काम समजले जाते. सहभागासाठी धर्माची अट नाही. कीर्तनात धृपद उचलणाऱ्या श्रोत्यांना सांभाळणारा पेटीवाला जे करतो त्याहून हे फार निराळे नाही, असे मी तिच्या आजीला सांगितले आणि आजीचे समाधान झाले. उत्स्फूर्त वादनाच्या वर्गात मुलीने भूपाचे पाच स्वर घेतले, पायांवर षड्ज धरून ठेवला आणि वर हातांनी आलापी केली. शिक्षकांनी तिला थांबवले नाही; षड्ज किती वेळ धरायचा आणि तो सोडल्यावर काय होते, एवढेच ऐकायला सांगितले.

समारोपाची मैफल छान झाली. सगळ्याच मुलांना संधी मिळते, त्यामुळे ती लांबते.

आता उणी बाजू. पाच-सहा दिवस हा काळ तंत्र शिकायला पुरत नाही. तो चव लावायला पुरतो, आणि चव लागली की खरी अडचण सुरू होते. पियानो घरात येतो, ऑर्गन येत नाही. घरी परतल्यावर आम्ही जवळच्या एका चर्चकडे आठवड्यातून दोन तास रियाजाची परवानगी मागितली. विम्याचे आणि किल्लीचे कारण सांगून त्यांनी तीन महिने झुलवले आणि शेवटी नकार दिला. दुसऱ्या ठिकाणी तेथील वादकबाईंनी स्वतः हमी घेतली, तेव्हा कुठे शनिवारची सकाळ मिळाली. मधल्या तीन महिन्यांत पायांची सवय जवळजवळ गेली होती. म्हणून माझा आग्रह असा की शिबिराचा अर्ज भरण्याआधीच रियाजाची जागा आणि जवळपासचा शिक्षक ठरवून ठेवावा. संस्थेच्या स्थानिक शाखेत विचारले तर पुढचा मार्ग बहुधा तिथेच सापडतो. ज्यांना हे मुळीच जमणार नाही त्यांनी पायांच्या पट्ट्या असलेला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घ्यायचा की शिबिर पुढे ढकलायचे, हे आधी ठरवावे.

ज्या मुलाला पियानोची गोडी आहे, जो एकटा तासभर बसू शकतो आणि ज्याला यंत्राच्या आत काय चालते हे पाहावेसे वाटते, त्याला जरूर पाठवावे. महाविद्यालयाच्या अर्जावर एक ओळ वाढावी एवढ्यासाठी पाठवू नये. तिथे अशी दोन मुले होती आणि तिसऱ्या दिवशी त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. आमची मुलगी या उन्हाळ्यात तांत्रिक शिबिराची चौकशी करते आहे, कारण सांगलीच्या ऑर्गनचा भाता फाटला आहे आणि तो आपणच दुरुस्त करायचा असा तिचा हट्ट आहे. नळ्यांच्या कार्यशाळेत त्याचे कितपत शिकायला मिळेल, ते विचारायला मी तिलाच सांगितले आहे.

जोड्यांविषयी एक सूचना. ऑर्गनसाठी पातळ चामडी तळव्याचे आणि टाच असलेले वेगळे जोडे लागतात, आणि ते शिबिराच्या आधी घेऊन पाय बसवून ठेवावेत. परंतु ते घालून घराबाहेर मुळीच जाऊ देऊ नये, कारण तळव्यात रुतलेला खडीचा एक कण पायपट्टीच्या लाकडावर ओरखडा काढतो आणि ते वाद्य आपले नसते.