काळ्या मातीवरच्या रस्त्याची ताकद मोजायची कशाने: बेंकलमन बीम, एफडब्ल्यूडी की डीसीपी?

परभणी, हिंगोली किंवा लातूर भागातील एखाद्या रस्त्याच्या मजबुतीकरणाचे अंदाजपत्रक करण्याआधी उपअभियंत्याला एक निर्णय घ्यावाच लागतो, तो म्हणजे अस्तित्वातील रस्त्याची ताकद कोणत्या साधनाने तपासायची. जुना बेंकलमन बीम, वाहनामागे ओढून नेले जाणारे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर म्हणजे एफडब्ल्यूडी, आणि हाताने चालवायचे डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर म्हणजे डीसीपी, हे तीन पर्याय साधारणपणे हाताशी असतात. माझे मत आधीच सांगतो: आपल्याकडे यंत्र कोणते, यापेक्षा मोजणी कोणत्या महिन्यात केली याला जास्त किंमत आहे, आणि यंत्राची निवड त्यानंतर, डांबराचा थर किती जाड आहे हे पाहून करावी.

काळी माती मे महिन्यात भेगाळून दगडासारखी कडक होते आणि भाद्रपदात तीच पायाखाली लोण्यासारखी दबते. डीसीपीच्या आकड्यांत हा फरक सरळ दिसतो. ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडला की ६० अंशांचे टोक असलेला शंकू प्रत्येक ठोक्याला किती मिलिमीटर आत गेला, एवढेच त्यात नोंदवायचे असते. प्रचलित सूत्राप्रमाणे ठोक्याला २० मिलिमीटर शिरकाव असेल तर सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद दाखवणारा टक्केवारीतला आकडा, सुमारे १० येतो आणि ६० मिलिमीटर असेल तर जेमतेम ३. उन्हाळ्यातल्या १० वर विसंबून थर ठरवला, तर पहिल्या पावसाळ्यानंतर ऊस भरलेल्या ट्रॉल्या सुरू झाल्या की चाकांच्या वाटेवर चऱ्या पडतात. उन्हाळी मोजणीवर आखलेला असा एक प्रमुख जिल्हा मार्ग दुसऱ्याच गळीत हंगामात खचलेला मी पाहिला आहे, आणि तेव्हापासून मे महिन्यातला अहवाल समोर आला की मी आधी तारीख वाचतो.

बेंकलमन बीमला अजूनही कमी लेखू नये. मागच्या आसावर ८१७० किलो भार आणि चाकांत चौरस सेंटिमीटरला ५.६ किलो हवा असलेला ट्रक उभा करायचा, जोडचाकांच्या मधल्या फटीत ३.६६ मीटरच्या बीमचे टोक सरकवायचे आणि ट्रक हळूहळू पुढे जाऊ द्यायचा; दबलेला रस्ता वर उठतो आणि ते उठणे डायल गेजवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचता येते. पहिले वाचन जागेवर, दुसरे ट्रक २.७ मीटर पुढे गेल्यावर, तिसरे आणखी ९ मीटरवर. काळ्या मातीत दबलेला खळगा पसरट असतो, त्यामुळे बीमचे पुढचे पायसुद्धा त्याच खळग्यात उभे राहतात. शेवटच्या दोन वाचनांत ०.०२५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर २.९१ या गुणकाची दुरुस्ती करावीच लागते. घाईत ही दुरुस्ती गाळली जाते आणि कमकुवत रस्ता कागदावर ठणठणीत ठरतो. डांबराचे तापमान मोजण्यासाठी ४५ मिलिमीटर खोल भोक पाडून त्यात ग्लिसरॉल ओतायचे आणि तापमापी ठेवून थांबायचे, हे कामही उन्हात कंटाळवाणे असते; ३५ अंश हे प्रमाण धरून आकडे सुधारायचे असतात. बीम स्वस्त आहे आणि बिघडण्यासारखे त्यात फार काही नाही, पण ट्रकचा आसभार वजनकाट्यावर खरोखर तपासलेला असला पाहिजे, आणि वर्दळीच्या रस्त्यावर दर ५० मीटरला ट्रक थांबवत जाणे हे वेळखाऊ व धोक्याचे काम आहे. शिवाय एकूण रस्ता किती दबला एवढेच तो सांगतो, नेमका कोणता थर दुबळा आहे हे सांगत नाही.

ती उणीव एफडब्ल्यूडी भरून काढते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर वजन पाडून ते सुमारे ४० किलोन्यूटनचा धक्का देते. हा धक्का सेकंदाच्या दोन-तीन शतांश भागांपुरताच टिकतो, म्हणजे धावत्या चाकाच्या जवळचा असतो, आणि ओळीने मांडलेले जिओफोन, म्हणजे जमिनीची हालचाल टिपणारे संवेदक, खळग्याचा पूर्ण आकार टिपतात. त्या आकारावरून आयआयटी खरगपूरने तयार केलेल्या केजीपीबॅक या प्रणालीने प्रत्येक थराचा ताठरपणा काढता येतो, आणि इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आयआरसी ११५ याच पद्धतीवर आधारलेली आहे. मात्र हे गणित थरांची जाडी मागते. जुन्या रस्त्यावर खड्डा खोदल्यावर नोंदवहीतली खडी आणि प्रत्यक्षातली खडी जुळेलच असे नाही. खालची काळी माती खडीच्या फटींतून वर चढलेली असते आणि थर कुठे संपला हे बोटाने चाचपून ठरवावे लागते. त्यातच वर २० मिलिमीटरचे कारपेट एवढेच डांबर असेल, तर त्या थराचा गणिती ताठरपणा विश्वासार्ह नसतो.

म्हणून ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्गांसाठी पावसाळा ओसरताना डीसीपी आणि सोबत बीम, एवढे पुरेसे आहे असे मी मानतो. राज्य महामार्गांसाठी आणि डांबराचे जाड थर असलेल्या रस्त्यांसाठी एफडब्ल्यूडीच घ्यावे, पण विकत नव्हे, भाड्याने. कारण त्याची नियमित तपासणी व जाणकार चालक वर्षभर सांभाळणे एका विभागाला परवडत नाही.

नवी दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेत भारित चाक सतत फिरवून कमी काळात रस्ता झिजवणारी सुविधा आहे. नवे मिश्रण किंवा नवी रचना पारखायला ती मोलाची आहे. आपल्या एका रस्त्याच्या जाडीचा प्रश्न घेऊन मात्र तिथे जाण्याचे कारण नाही.

एफडब्ल्यूडीचे काम देताना करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: यंत्राच्या अलीकडच्या कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र, प्रत्येक बिंदूची मूळ वाचने, आणि ठराविक अंतरावर खोदलेल्या खड्ड्यांतील थरांची टेप लावून घेतलेली छायाचित्रे. खड्ड्यातील माती त्याच दिवशी हवाबंद पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवावी. दुपारभर उन्हात पडलेल्या ढेकळाचा ओलावा रस्त्याखालचा ओलावा दाखवत नाही.