खारटपणा बरोबर ३५, तरीही टँक खंगत गेला

घोडबंदर रोडवरच्या एका घरातला रीफ टँक, म्हणजे समुद्री प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, दगड-वाळू वगळून २०० लिटर पाणी. आत मशरूम, झोआ, एक लेदर (ही सगळी मऊ प्रवाळं), टर्बो गोगलगायी आणि दोन हर्मिट खेकडे. दर रविवारी २० लिटर पाणी बदललं जायचं. आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. तरी तीनेक महिन्यांत दगडांवरचा गुलाबी कोरलाइन शेवाळाचा थर पांढरा पडला, झोआ मिटून बसले आणि गोगलगायी एकेक करून काचेवरून गळून पडल्या. गोगलगायी मेल्या की संशय आधी पाण्यात उतरलेल्या तांबे धातूवर जातो. तीही टेस्ट झाली, काही निघालं नाही.

खोट होती टँकचं समुद्रासारखं पाणी बनवायच्या मिठात. नावाजलेल्या परदेशी ब्रँडचं म्हणून विकलेलं सुटं मीठ, पाच-पाच किलोच्या पारदर्शक पिशव्यांत. "मोठी बादली फोडून देतोय, म्हणून स्वस्त." ठाणे स्टेशनला सॅटिस पुलाखाली भेट, पैसे जीपेवर, बिल नाही.

ते मीठ पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर खपलं. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. खऱ्या रीफ सॉल्टमध्ये तीनात एक भाग खाण्याचं मीठ मिसळलं, तरी रेघ ३५ वरच येते. चांगल्या मिठाचं पाणी ३५ ला साधारण कॅल्शियम ४२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), मॅग्नेशियम १३०० पीपीएम आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८ देतं. भेसळीचं तेच पाणी देतं कॅल्शियम २८०, मॅग्नेशियम ८७०, केएच ५.३ च्या आसपास. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली.

हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण जाब विचारला की ठरलेलं उत्तर येतं: "तुम्ही मिठावर पाणी ओतलं असणार, सगळं कॅल्शियम खाली बसलं." यात अर्धं खरं आहे. पाण्यात मीठ सोडायच्या ऐवजी मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ होतो. पण गाळ होताना केएच १ ने उतरला तर कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरतं. म्हणजे केएच ८ वरून ५.३ वर आला, तर कॅल्शियम ४०० च्या आसपासच राहायला हवं, आणि मॅग्नेशियम जवळपास हलत नाही. कॅल्शियम २८० आणि मॅग्नेशियम ८७० गाळाने होत नाही.

इतके दिवस कळलं का नाही? दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की टँक दर वेळी थोडाच घसरतो. दहा रविवारांनंतर जुन्या चांगल्या पाण्याचा ३५ टक्के हिस्सा उरतो. कॅल्शियम तोवर ३३० च्या आणि मॅग्नेशियम १०२० च्या आसपास, तेही टँकमधल्या जिवांनी खाल्लेलं न धरता. पिशव्या कधीच फेकून दिलेल्या असतात.

आणि मग तोच विक्रेता कॅल्शियमची आणि केएच वाढवणाऱ्या बफरची बाटली विकतो. मॅग्नेशियम कमी असताना हे दोन्ही ओतलं की टिकत नाही, पंपाच्या इम्पेलरवर (फिरत्या पात्यांवर) आणि पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरवर पांढरी पुटं चढतात, पंप अडकतो. एकाच गिऱ्हाईकाकडून दोनदा कमाई, आणि गिऱ्हाईक वर आभार मानतं!

सुटं मीठ घेतलंच असेल तर टँकला लावण्याआधी पिशवी उलटसुलट करून नीट मिसळा. शून्य टीडीएसच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३८ ग्रॅम टाका, छोटा पंप लावून काही तास फिरवा, ३५ वर आणा. मग केएच आणि कॅल्शियम बघा आणि मॅग्नेशियम चुकवू नका. बहुतेकांकडे मॅग्नेशियमचंच किट नसतं, आणि या भेसळीत सगळ्यात बोलका आकडा तोच. रिफ्रॅक्टोमीटरही साध्या पाण्याने नाही, ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवा.

टँक बिघडलाच असेल तर घाईने सगळं वर ओढू नका. आधी मॅग्नेशियम, दिवसाला १०० पीपीएमपेक्षा जास्त नाही. २०० लिटरला १०० पीपीएमसाठी मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट सुमारे १६७ ग्रॅम लागतं, आरओ पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचं. केएच दिवसाला १ पुरे. मुळात खात्रीच्या मिठाने आठवड्यातून दोनदा १५ टक्के पाणी बदलणं जास्त सुरक्षित.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे, दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. चॅट, जीपेची नोंद आणि न फोडलेली एक पिशवी जपून ठेवा. पण कित्येक जण तिथवर जातच नाहीत, आणि विक्रेते ते हेरून असतात. हार्ड कोरल (दगडी सांगाड्याची प्रवाळं) आणि सी फॅन (पंख्यासारखी प्रवाळं) वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, आणि त्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ज्याच्या टँकमध्ये असा एखादा तुकडा आहे, तो मिठाची तक्रार घेऊन कुठल्या तोंडाने जाणार? "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" म्हणत तो तुकडा गळ्यात मारणाराही बहुधा त्याच गोतावळ्यातला असतो.

स्वस्तात हवं असेल तर चौघांनी मिळून सीलबंद बादली घ्या. झाकणाची पट्टी आणि आतल्या पिशवीचं सील शाबूत आहे का बघा, बॅच नंबरचा फोटो काढा. वाहतुकीत जड-हलके दाणे वेगळे होतात, म्हणून वाटणी करण्याआधी बंद बादली आडवी करून पाच मिनिटं लोळवा. नाहीतर पहिल्याच्या आणि चौथ्याच्या वाट्याचे आकडे जुळणार नाहीत, आणि चौघांत उगाच भांडण.