प्रमाणपत्र एका कारखान्याचे, माल दुसऱ्याच ठिकाणचा

परदेशी उत्पादकांकडून तयार कपडे मागवणाऱ्या आणि ते शिवणाऱ्या कामगारांची पिळवणूक झालेली नसावी असा आग्रह धरणाऱ्या किरकोळ विक्रेत्यांनी सावध व्हावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. मालाच्या दर्जात आम्हाला कोणी फसवले नाही. कापड चांगले होते, शिलाई नीट होती आणि माल ठरल्या तारखेला पोहोचला. फसवणूक झाली ती हा माल कोणी, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत शिवला याबाबत, आणि नेमक्या त्याच खात्रीसाठी आम्ही नेहमीपेक्षा जास्त दर मोजला होता.

मध्यस्थाने आमच्यापुढे ठेवलेली कागदपत्रे पाहिली असती, तर कोणाचाही विश्वास बसला असता. सेंद्रिय सुतासाठी ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड म्हणजे गॉट्सचे प्रमाणपत्र होते, कामगारांच्या हक्कांसाठी एसए ८००० चे होते, आणि जोडीला कारखान्याचे स्वच्छ, उजेडी फोटो होते. गॉट्सचा क्रमांक आम्ही अधिकृत यादीत तपासला, तेव्हा तो खरा निघाला. हा प्रकार ओळखणे अवघड जाते ते याचमुळे, कारण यात खोटा कागद बनवावाच लागत नाही. खरा कागद दाखवायचा आणि माल दुसरीकडे शिवून घ्यायचा, एवढे पुरते.

पहिल्या खेपेची तपासणी गोदामात, बंद खोक्यांमधून नमुने काढून झाली होती. दुसऱ्या मागणीच्या वेळी मात्र उत्पादन चालू असताना, आगाऊ सूचना न देता, आम्ही आमच्या वतीने एक स्वतंत्र निरीक्षक पाठवला. त्याच्या अहवालातील एक निरीक्षण इथे मुद्दाम देतो. आमची सगळी मागणी पांढऱ्या शर्टांची होती. शिलाई खात्यातील मशीनवर मात्र ओळीने काळा धागा ओवलेला होता, आणि कटिंगच्या टेबलाखाली पांढऱ्या कापडाची एक चिंधीही नव्हती. पलीकडच्या पॅकिंग खात्यात मात्र आमच्या शर्टांचे ढीग इस्त्री करून, लेबल लावून खोक्यांत भरले जात होते. हजेरीपट मागितल्यावर मिळालेल्या पानांवर सर्व कामगारांची येण्याजाण्याची वेळ रोज मिनिटासकट सारखी होती आणि सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात होत्या.

कारखान्याबाहेर कामगारांशी बोलल्यावर उलगडा झाला. शिवलेला माल रात्री गाडीने येत होता आणि इथे फक्त शेवटचा हात फिरत होता. प्रत्यक्ष शिलाई ठेकेदारांच्या शेडमध्ये, बाहेरून आणलेल्या मजुरांकडून नगावर होत होती. त्यांची ओळखपत्रे ठेकेदाराने स्वतःकडे ठेवली होती आणि मजुरी थकलेली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणे सांगितली आहेत. ओळखपत्रे अडकवून ठेवणे आणि मजुरी रोखून धरणे ही दोन्ही त्यांत येतात. आमच्या लेबलवर याच्या अगदी उलट लिहिलेले होते, आणि ग्राहकांनी ते वाचून शर्ट विकत घेतले होते.

परस्पर दुसऱ्याला काम देणे ही या व्यवसायातील जुनी आणि जीवघेणी बाब आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ढाक्याजवळील ताझरीन कारखान्याच्या आगीत शंभरहून अधिक कामगार मरण पावले. तिथले काम आपल्या परवानगीशिवाय दिले गेले होते, असे एका मोठ्या खरेदीदार कंपनीने नंतर सांगितले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याच्या आगीत अडीचशेहून अधिक माणसे गेली, आणि त्या कारखान्याला एसए ८००० प्रमाणपत्र काही आठवड्यांपूर्वीच मिळालेले होते. म्हणून प्रमाणपत्राची जागा खरी असली, तरी तिथली परिस्थितीही खरी मानावी असे मला आता वाटत नाही.

गॉट्सच्या बाबतीत एक भेद विक्रेत्यांनी पक्का लक्षात ठेवावा. स्कोप सर्टिफिकेट हे संबंधित कंपनी असा माल तयार करण्यास पात्र आहे एवढेच सांगते, तर तुम्हाला मिळालेली खेप प्रमाणित आहे हे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवरून ठरते. आम्हाला पहिले तत्परतेने मिळाले आणि दुसऱ्यासाठी ‘प्रक्रिया चालू आहे’ हे उत्तर शेवटपर्यंत मिळत राहिले. स्कोप सर्टिफिकेटला कारखान्यांची आणि उपठेकेदारांची यादी जोडलेली असते. ती पाने आमच्या प्रतीतून गाळलेली होती. स्मेटा किंवा बीएससीआयचे ‘प्रमाणपत्र’ कोणी दाखवू लागला तर तिथेच थांबावे, कारण ही कारखान्यातील कामगारांच्या परिस्थितीची लेखापरीक्षणे, म्हणजे तपासण्या आहेत. त्यांचा अहवाल असतो, प्रमाणपत्र नसते, आणि तो पूर्ण अहवाल संबंधित प्रणालीतूनच मागावा.

उत्पादनक्षमतेचा हिशेबही कोणालाही घरबसल्या करता येतो. साध्या शर्टाच्या शिलाईला वीस मिनिटे धरली आणि ६० मशीन आठ तास निम्म्या कार्यक्षमतेने चालल्या, तर दिवसाला सातशेच्या आसपास शर्ट होतात. कोणी तेवढ्याच मशीनवर दोन हजारांचा वायदा करत असेल, तर उरलेले कुठे शिवले जाणार हे त्याला लेखी विचारावे. परवानगीशिवाय काम बाहेर दिल्यास रक्कम रोखण्याचे कलमही करारात असू द्यावे. ते नसेल तर बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीची, प्रत पुढे करून उरलेले पैसे वसूल केले जातात आणि हाती काहीच उरत नाही.

हे उघड झाल्यावर मध्यस्थाने आम्हाला पुढील खेपेवर सूट देऊ केली. आम्ही सूट नाकारली आणि मजुरांची थकबाकी चुकती करून ओळखपत्रे परत देण्याची मागणी केली. व्यवहार तडकाफडकी तोडला की थकलेली मजुरीही बुडते, हे माझे ठाम मत आहे. काहींची ओळखपत्रे परत मिळाल्याचे निरीक्षकाने कळवले. मजुरीबाबत मात्र आजपर्यंत पुरावा आलेला नाही. लेबलवरील दावा आम्ही मागे घेतला आणि ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला त्या ग्राहकांना कारण सांगितले. दरम्यान तोच मध्यस्थ तेच स्कोप सर्टिफिकेट, यादीची पाने तशीच गाळून, दुसऱ्या एका खरेदीदाराला दाखवत असल्याचे कळले आहे.